गव्हाचा कायमचा उपास

तीन वर्षं माझं हिमोग्लोबिन आठ-साडेआठवर अडून बसलं होतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सगळं करून झालं. जुलाब नव्हते, पोट दुखत नव्हतं, त्यामुळे पोटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी आयजीए ही रक्ताची तपासणी सांगितली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढला आणि निदान झालं: सिलिॲक. आपण खाल्लेलं लोह लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि या आजारात ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या एका प्रथिनामुळे, आधी खराब होतो तोच भाग. गोळ्या पोटात पोचत होत्या, रक्तात नाही.

याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षात जेवढा वैताग झाला तेवढा होण्याची गरज नव्हती, असं आज वाटतं. कुणीतरी क्रमाने सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. म्हणून हे क्रमाने लिहिते.

तपासणी आधी, पोळी सोडणं नंतर

पोट फुगतं, थकवा येतो, कुणीतरी सांगतं गहू सोडून बघ, आणि माणूस सोडतो. इथेच घोळ होतो. रक्तातली प्रतिद्रव्यं आणि आतड्याची सूज, दोन्ही गहू पोटात जात असतानाच नीट दिसतात. दोन-तीन महिने गहू बंद करून मग तपासणी केली तर अहवाल खोटा चांगला येऊ शकतो. मग नक्की करायचं म्हणून डॉक्टर पुन्हा काही आठवडे गहू खायला लावतात, आणि तोवर बरं वाटायला लागलेल्या माणसाला ती शिक्षाच वाटते. रक्त, मग दुर्बीण, मग पथ्य, हाच क्रम ठेवा. गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, आणि सिलिॲक नसतानाही गहू न सोसणारी माणसं असतात. आपलं नेमकं काय, हे ठरल्याशिवाय आयुष्यभराचा निर्णय घेऊ नये.

घरच्यांना कसं सांगायचं

ही पायरी सहसा शेवटी येते. ती दुसरीच हवी, कारण स्वयंपाकघर एकट्याचं नसतं.

मी सुरुवातीला 'ग्लुटेन' समजावत बसले. गव्हातलं प्रथिन, आतड्यावरच्या मखमलीसारख्या केसाळ घड्या, त्यांचं सपाट होणं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पोळी नको. पण पोळीला लावलेलं तूप चालेल ना?" त्या क्षणी माझा धीर सुटला. दोन दिवसांनी चतुर्थी होती. साबुदाण्याच्या खिचडीत घालायला शेंगदाण्याचं कूट काढताना त्या माझ्या मुलीवर ओरडल्या, "तो चमचा आमटीतला आहे, उपासाच्या डब्यात घालू नकोस, खरकटं होईल!" मी म्हटलं, "आई, हेच. माझ्यासाठी गहू म्हणजे हेच." पुढे मला काही समजवावं लागलं नाही. त्या दिवसापासून माझे डबे घरात 'उपासाच्या फळीवर' गेले आणि त्या फळीवर पोळीचा हात लागला की सासूबाईच आधी ओरडायला लागल्या.

बाहेरच्या जगात 'पथ्य' शब्द कमी पडतो, हेही तेव्हा कळलं. पथ्य म्हटलं की लोक सवलत मागतात: "आजच्या दिवस काय होतंय?" उपास म्हटलं की कुणी म्हणत नाही की एक घास वरणभात खा, कुणाला कळणार आहे. हा उपास फक्त सोडायचा नाही.

"एवढ्याने काय होतंय" याला आकड्यात उत्तर द्यायचं असेल तर असं द्या. एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिॲकच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा भाग, तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झालेली दिसली. एक घास त्याहून पुष्कळ मोठा असतो.

आणि "हे आजकालचं फॅड" म्हणणाऱ्या काकांसाठी विलेम डिके. हे डच बालरोगतज्ज्ञ होते. पावामुळेच मुलं आजारी पडतात असा त्यांना संशय होताच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. माणसं उपाशी होती, आणि या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. डिके यांनी हे प्रबंधात मांडलं ते १९५० साली. काकांच्या लग्नाच्याही आधी.

स्वयंपाकघराची वाटणी

सगळं नवीन घ्यायची गरज नाही. स्टीलची पातेली, कुकर, काचेच्या बरण्या, ताटं-वाट्या नीट घासून चालतात. वेगळं हवं ते जिथे पीठ अडकून राहतं तिथे. चाळणी पहिली, तिच्या जाळीतून गव्हाचं पीठ कधीच पूर्ण निघत नाही. मग लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी कालथा, परात, आणि वर्षानुवर्षं पोळ्या भाजलेला लोखंडी तवा. मी माझ्या तव्याच्या कानाला लाल दोरा बांधला. तो दोन वेळा जळला, मग तारच गुंडाळली.

माझे डबे वरच्या फळीवर आणि कणकेचा डबा खाली. उलट ठेवलं तर वरून पीठ सांडतं. कणीक मळली जात असताना माझं ताट ओट्यावर उघडं ठेवत नाही. आधी भाकरी, मग पोळ्या, हा क्रम पोळ्यांच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून टाकला. ओटा पुसायचं फडकंही वेगळं. तूप, लोणी, जॅम, लोणचं यांत पोळीचा हात किंवा चमचा जातोच, म्हणून माझ्या छोट्या बरण्या वेगळ्या. तळणाचं तेल हे सगळ्यात विसरलं जाणारं. शंकरपाळी तळलेल्या तेलात माझे साबुदाण्याचे पापड तळता येत नाहीत.

गिरणी

इथे मी सहा महिने फसले, म्हणून थोडं सविस्तर.

ज्वारी-बाजरी-तांदूळ यांत ग्लुटेन नाही. मी खूश होऊन पाच किलो ज्वारी घेतली, गिरणीतून दळून आणली आणि रोज भाकरी खाल्ली. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर टीटीजीचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी जातंय." मी चिडले. एक बिस्किटसुद्धा खाल्लं नव्हतं. मग एक दिवस दळण टाकायला गेले आणि पहिल्यांदा तिथे उभं राहून नीट बघितलं. ज्वारीचं जातं वेगळं होतं, हे खरं. पण वरच्या तोंडाशी कोंडा झाडायचा ब्रश एकच. पीठ भरायचं डबडं एकच. आणि हवेत, भिंतीवर, गिरणीवाल्या दादांच्या भुवयांवर गव्हाचं पांढरं पीठ. दादांची काही चूक नाही. त्यांनी कुणाला काही कबूलच केलं नव्हतं. बेसनाचंही तेच. बाहेरच्या सुट्या बेसनावर तर मी मुळीच विसंबत नाही.

यावर खात्रीचा उपाय एकच, घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीही न घालणं. शेजारणीचे एक किलोसुद्धा नाहीत. घरघंटी परवडत नसेल तर तांदूळ आणि डाळी भिजवून वाटायच्या पदार्थांवर भर द्या: घावन, आंबोळी, डोसे, मुगाची धिरडी. मिक्सरचं भांडं धुता येतं, गिरणीचं जातं नाही. 'आधी अर्धा किलो तांदूळ दळून टाकून द्या, मग आपलं दळा' असा सल्लाही मिळतो. त्याने भेसळ कमी होते, संपत नाही.

आणि धान्य निवडा. ज्वारीत, मसुरात, धण्यांत गव्हाचा दाणा हमखास सापडतो. सासूबाई चाळीस वर्षं खडे काढत होत्या, आता गहू काढतात.

काय चालतं, काय फसवतं

नाही चालत: गहू, जव, राय आणि त्यांचं सगळं गोत. रवा, मैदा, दलिया, शेवया, पाव, खारी, टोस्ट. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. फसायला होतं ते पुढे.

खपली गहू. मधुमेहासाठी चांगला, जुना, देशी, 'यात ग्लुटेन नसतं' असं छातीठोकपणे सांगून विकला जातो. खपलीही गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. यात तडजोड नाही.

कुरडई. पांढरीशुभ्र दिसते म्हणून तांदळाची समजून मी खाल्ली. ती गव्हाच्या चिकाची. तांदळाच्या पापड्या आणि साबुदाण्याच्या फेण्या चालतात, तळण वेगळं असेल तर.

सातूचं पीठ. बिहारकडचा सत्तू भाजलेल्या हरभऱ्याचा असतो. आपल्याकडच्या सातूत गहू किंवा जव असतात.

थालीपिठाची भाजणी. बहुतेक घरांत तिच्यात मूठभर गहू पडतात. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची, ती सहसा ठीक, पण विकतच्या चकलीबद्दल विचारा. काही ठिकाणी मैद्याची करतात. उपासाची भाजणी, म्हणजे राजगिरा, साबुदाणा आणि वरई, ही आपली हक्काची.

आणि हिंग! डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो खळ घालून बांधलेला असतो आणि ती खळ बऱ्याचदा मैद्याची. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, किंवा खडा हिंग आणून तुपात फुलवून कुटायचा. गोडा मसाला, लोणचं, पापड, मठ्ठा, सगळीकडे हिंग पोचलेला असतो, त्यामुळे घरचा मसाला एकदा नव्याने करावा लागला.

बाकी: सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, म्हणून गाडीवरचं चायनीज संपलं. दुधात घालायच्या पौष्टिक पावडरींत माल्ट म्हणजे जव असतो. बिअरही जवाची. गोव्याला जाणाऱ्यांनी निराश होऊ नये, काजूची फेणी काजूचीच असते. ओट्समध्ये मुळात गव्हातलं ग्लुटेन नसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात, आणि शुद्ध ओट्सही काही थोड्या रुग्णांना सोसत नाहीत. पहिलं वर्षभर मी शिवले नाही. नंतर डॉक्टरांना विचारून, ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच आणले.

पाकिटावर वाचायचं ते असं. सेमोलिना म्हणजे रवा, रिफाइन्ड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे जव. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव माल्टसारखं असलं तरी तो माल्ट नाही. बकव्हीट म्हणजे कुट्टू, नावात व्हीट असून गहू नाही. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते. तिथे व्हीट किंवा ग्लुटेन दिसलं की पाकीट परत फळीवर. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. 'लो ग्लुटेन' हा प्रकार वेगळा, तो आपल्यासाठी नाही. औषधांच्या गोळ्यांत स्टार्च असतो, बहुधा मक्याचा. तरी कायमच्या गोळ्यांबद्दल औषधवाल्याला एकदा विचारून घ्या.

भाकरी

ग्लुटेनमुक्त ब्रेड, बिस्किटं, तयार पीठ पहिले दोन महिने विकत आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. महाग असतं, चव पावासारखी नसते, आणि दर घासाला काय गेलं त्याची आठवण होते. भाकरी कशाची नक्कल करत नाही.

मी पुण्यातल्या पोळीच्या घरात वाढले, भाकरी येत नव्हती. तिसऱ्या दिवशी परातीत तुकडे बघून रडले. कारण साधं आहे: पोळी लाटली जाते ती ग्लुटेनच्या चिवटपणामुळे. ज्वारीत तो नाही, म्हणून तिला गरम पाणी लागतं, मळताना तळहाताची टाच लागते आणि पीठ ताजं लागतं. आठ-दहा दिवसांपेक्षा जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतात. थोडंथोडं दळा.

थापता येत नसेल तर उकड काढा. एक वाटी पाणी चवीपुरतं मीठ घालून उकळा, गॅस बंद करून एक वाटी पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग कोमट असताना हाताला पाणी लावत भरपूर मळा आणि पोळपाटावर लाटा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, शेवटी थेट आचेवर फुगवा. ज्वारी, नाचणी, तांदूळ, तिन्हींना हे चालतं. तरीही तुटत असेल तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घाला. प्रत्येक घरात एका वेगळ्याच कारणासाठी असलेली ती डबी इथे चिवटपणा देते.

डब्यासाठी ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत पापड होते. उकडीची तांदळाची भाकरी मऊ राहते. मी डब्यात आता भाकरी कमीच नेते: सोमवारी दडपे पोहे, मंगळवारी मुगाची धिरडी, मग दहीभात, इडल्या, मोकळी वरई आणि दाण्याची आमटी. नुसत्या भातावर मात्र राहू नका, बद्धकोष्ठ होतं आणि वजन वाढतं. नाचणी आठवड्यात तीन-चारदा असावी. तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि सिलिॲकमध्ये हाडं आधीच कमजोर झालेली असू शकतात. सुरुवातीला दूध सोसलं नाही तर घाबरू नका. आतडं बरं झालं की बहुतेकांना पुन्हा चालतं.

सण, लग्न, प्रसाद

गणपतीत मला काही अडत नाही, उकडीचे मोदक तांदळाचे. तळणीचे नाही. दिवाळीत बेसनाचे लाडू, चिवडा, शेव, अनारसे घरी होतात. करंज्या आणि शंकरपाळी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तेलात. होळीला मी वाटीत पुरण घेते, वर दूध आणि तूप. पुरणपोळीतला खरा भाग तोच आहे, असं मी स्वतःला सांगते आणि थोडंसं पटतंही.

सगळ्यात अवघड गेला तो सत्यनारायणाचा शिरा. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि न खाता पानात ठेवणं त्याहून वाईट दिसतं. आता मी प्रसाद दोन्ही हातांत घेते, कपाळाला लावते आणि मुलीच्या हातावर ठेवते, मग हात धुते. घरच्या पूजेला सासूबाई राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा करतात. गुरुजींनी एकदा विचारलं, पुन्हा नाही. वसईच्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या भाच्याला हाच प्रश्न चर्चमध्ये आला. तिथे पूर्ण ग्लुटेनमुक्त ओस्ती (मिस्सेत देतात ती गव्हाची पातळ चकती) मान्य नाही, कमी ग्लुटेनची चालते. ती सोसेल का हे डॉक्टरांना आणि मिळेल का हे फादरांना आधी विचारून ठेवावं.

लग्नात बुफेच्या रांगेत उभं राहून चौकशी करू नका, तिथे कुणालाच काही माहीत नसतं. दोन दिवस आधी यजमानांकडून केटररचा नंबर घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: वरणात हिंग कोणता, भाजीला दाटपणा कशाने आणलाय, आणि माझं ताट आतूनच, चमच्यांची अदलाबदल होण्याआधी वाढून मिळेल का. पटण्यासारखं उत्तर नाही मिळालं तर घरून जेवून जा आणि तिथे फळं खा. पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्या आणि शेंगदाणे मी लग्नालाही नेते. फोटोत दिसत नाहीत.

हॉटेलात 'ग्लुटेन' शब्द वापरू नका, वेटर हो म्हणतो आणि जातो. "गहू, मैदा, रवा यांची मला ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागतं" म्हणा. शास्त्रीयदृष्ट्या हे चूक आहे, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. इडलीच्या आणि उत्तप्प्याच्या पिठात रवा घालतात का, ते विचारा. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं असलं तरी त्याच कढईत समोसे तळलेले असतात. साबुदाणावड्याचंही तेच, उपासाचं तेल वेगळं आहे असं सांगणारं हॉटेल सापडलं तर त्याला धरून ठेवा. प्रवासात मी शिजवलेल्या अन्नापेक्षा केळी, उकडलेली अंडी, दही यांवर विसंबते.

चुकून खाल्लं गेलं तर

व्हायचंच. भरपूर पाणी, साधा भात, आणि काय खाल्लं ते वहीत. उलटी काढायची नाही, उपाशी राहायचं नाही, आणि 'आता मोडलाच आहे तर' म्हणून सामोसाही खायचा नाही. काहींना दोन तासांत कळतं. मला काहीच होत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही असं नसतं. म्हणून रक्ताच्या तपासण्या चुकवू नका: सहा महिन्यांनी, वर्षाने, नंतर डॉक्टर सांगतील तशा. सोबत लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. हाडांची घनता एकदा. लक्षणं काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, पण मोठ्या माणसाचं आतडं भरून यायला दोन वर्षंही लागतात. घरघंटी आल्यावर पुढच्या सहा महिन्यांत माझा टीटीजीचा आकडा निम्म्याखाली आला, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं.

आणि घरातल्यांची तपासणी. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात सिलिॲकची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, लक्षणं नसली तरी. माझ्या भावाने अजून केलेली नाही, त्याला वेळ नाही. मुलीची केली. रक्त देईपर्यंत तिने रोज पोळी खाल्लीच पाहिजे, म्हणून ते पंधरा दिवस माझ्या हाताने तिला पोळ्या करून घातल्या, खालच्या फळीवरच्या पिठाच्या, तार नसलेल्या तव्यावर. अहवाल ठीक आला. दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायला सांगितलंय.